चष्म्याशिवायचं वाचन

पाळकसाहेबांच्या घशात गाठ निघाली, ती डॉक्टरांनी काढली, आणि मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्यांना बजावलं. कुजबुजायलाही बंदी, कारण कुजबुजण्याने म्हणे घसा जास्त ताणतो. ज्या माणसाने आयुष्यभर दर रविवारी चर्चमध्ये मंडळीला डुलक्या येईपर्यंत प्रवचन दिलं, त्याच्यावर असा प्रसंग यावा, ह्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

पाळकसाहेबांनी एक पाटी आणि खडू घेतला. जे सांगायचं ते पाटीवर लिहून समोर धरायचे. त्यांचं अक्षर असं, की ते ज्याला दाखवतील तो मान डोलवून "बरोबर आहे साहेब" म्हणायचा आणि सटकायचा.

त्यांच्या जागी प्रवचनाला कोणीतरी हवं होतं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांमध्ये ज्येष्ठ होते लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांना सगळे लाकूडवाले म्हणत. त्यांच्या ओळखीतून एक पाहुणे उपदेशक आले आणि लाकूडवाल्यांच्याच घरी उतरले. आल्या दिवसापासून लहानथोर त्यांना 'बंधू' म्हणू लागले. बंधू तरुण होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, एकदा ऐकलेलं नाव विसरायचे नाहीत, आणि उपासना संपली की स्वतः खुर्च्या उचलून ठेवायचे. खुर्च्या उचलणारा उपदेशक मंडळीने आजवर पाहिला नव्हता. अर्धी मंडळी तिथेच त्यांच्या खिशात गेली.

पहिल्या रविवारी बंधूंनी सांगितलं, देव तुमच्यावर प्रेम करतो. दुसऱ्या रविवारी सांगितलं, तुमचं भलं व्हावं अशी त्याची इच्छा आहे. ह्यात कोणाला काही खटकण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "मग तुम्ही आजारी का पडता? प्रभूने तुमचं दुखणं आधीच उचललं आहे. ज्याचा विश्वास पुरा आहे, त्याच्या घरात औषधाची बाटली सापडायची नाही. बाटली म्हणजे अविश्वासाची पावती."

सगळ्यांच्या माना हळूच पहिल्या बाकाकडे वळल्या. तिथे गळ्याला मफलर गुंडाळून पाळकसाहेब बसले होते. त्यांनी पाटीवर ठसठशीत काहीतरी लिहिलं आणि ती डोक्यावर उंच धरली. मागच्या बाकांवर जी थोडी कुजबुज चालली होती, ती थांबली. बंधूंनी प्रेमाने मान लववली आणि पुढे बोलत राहिले.

शेवटी त्यांनी हाक दिली. ज्याला आज पूर्ण विश्वासाने पाऊल टाकायचं आहे, त्याने आपला टेकू वेदीपुढच्या टेबलावर आणून ठेवावा. आधी कोणी हललं नाही. मग पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून ठेवला. कोणी गोळ्यांची पाकिटं ठेवली. आणि मग तिसऱ्या रांगेतून बाई उठल्या.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांचे उच्चार त्या अजून सुधारत होत्या. रविवारचं शास्त्रवाचन गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडेच. त्या वाचायला लागल्या की स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो, असं लोक म्हणत. बाई लेक-जावयाकडे राहायच्या. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे बाईंच्या नाकावर कायम नवी फ्रेम असायची.

त्या बाईंनी चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मागच्या बाकावर बसलेला जावई आपली दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम जाताना नुसता बघत राहिला.

एरवी बाई कोणाच्याही बोलण्यात येणाऱ्यातल्या नव्हत्या. पण महिन्यापूर्वीच जावयाने त्यांचे डोळे तपासून सांगितलं होतं, "आई, नंबर पुन्हा वाढलाय." तो सहज बोलला होता. बाईंच्या मात्र ते काळजात रुतलं होतं. हा असाच वाढत गेला तर एक दिवस वाचन सुटणार. वाचन सुटलं की आपल्यात उरणार काय, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, आणि बंधूंनी न विचारताच उत्तर दिलं होतं.

घरी मग गमतीचे दिवस सुरू झाले. बाईंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि चव बदलली तरी चेहरा बदलू दिला नाही. दारातल्या खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हणाल्या. लेक काळजीत पडली.

"अहो, तुम्ही तरी सांगा ना तिला," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी काय सांगू? माझा तर धंदाच अविश्वासाचा," जावई म्हणाला.

"आई, खरं सांग, दिसतंय का तुला?"

"पूर्वीपेक्षा बरं दिसतंय," बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या. लेक दुसऱ्या बाजूला उभी होती.

पुढच्या रविवारी वाचनाची वेळ आली. बाई उभ्या राहिल्या, ग्रंथ उघडला, आणि त्यांच्यासमोर पानभर राखाडी धुकं पसरलं. क्षणभर त्या थांबल्या. मग त्यांनी लहानपणापासून तोंडपाठ असलेलं मेंढपाळाचं स्तोत्र खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. त्या दिवशीचा नेमून दिलेला उतारा सापाच्या विषाबद्दल होता. फरक कोणाच्या लक्षात आला नाही. ज्यांच्या आला, त्यांना वाटलं, आत्म्याने ऐनवेळी उतारा बदलला.

बंधू पुढे आले. त्यांचा आवाज भरून आला होता. "पाहा. आपल्या बाई चष्म्याशिवाय वाचतात."

मंडळीत आनंदाची लाट उठली. कोणी डोळे पुसले. बाईंनी तोंड उघडलं, पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा पुढचं गीत सुरू झालं होतं. बाई नुसत्या हसल्या. ते हसू लोकांनी आपल्याला हवं तसं वाचलं. पहिल्या बाकावरून पाळकसाहेब मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होते. सुदैवाने बाईंना ते दिसत नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंच्या कोटाचं अस्तर उसवलं. तो घेऊन त्या टेलरबाईंकडे गेल्या. टेलरबाई मंडळीतल्याच. गायकवृंदाचे झगे त्याच शिवायच्या. त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळून गेल्या हिवाळ्यात वारले होते. ह्या रविवारी त्या चर्चमध्ये दिसल्या नव्हत्या, म्हणजे तसं लेकीने सांगितलं होतं. बाईंना कोणीच दिसलं नव्हतं.

टेलरबाई शिलाई मशीनवर वाकून बसल्या होत्या. बाईंना समोर एक हसरा चेहरा असल्यासारखं वाटलं. त्या खुर्ची चाचपून बसल्या आणि बोलू लागल्या: चर्च कसं भरतंय, बंधू कसे घरोघरी जातात, पट्टा सोडलेले पोस्टातले गृहस्थ लंगडत का होईना पण कसे आनंदाने चालतात. बराच वेळ बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मशीन चालत नाहीये. आणि तो चेहरा हसरा नव्हता.

"काय झालं गं?"

"काही नाही. बंधू आले होते सांत्वनाला."

"मग?"

टेलरबाईंनी पदराने नाक पुसलं. "म्हणाले, रडू नका, ह्यातून शिका. देवाची तयारी होती, आपल्याच विश्वासात कुठेतरी फट राहिली असणार. प्रेमाने म्हणाले हो. माझा हात हातात घेऊन."

त्या बाईंकडे वळल्या.

"तुम्ही आमच्याकडे येऊन ह्यांना वाचून दाखवायचात, बाई. तुमच्यासमोर किती प्रार्थना केल्या आम्ही. तुम्हाला कुठे दिसली होती का फट?"

"नाही."

"मलाही नव्हती दिसली. बंधू गेल्यावर मी म्हटलं, असेल त्यांचं काहीतरी मत. पण मग रविवारी तुम्ही बिनचष्म्याने वाचल्याचं शेजारणीने सांगितलं. तेव्हा पटलं. बाईंचं झालं, म्हणजे आमचंच काहीतरी चुकलं होतं."

बाई उठल्या. कोट तिथेच राहिला. त्या रस्त्यावर आल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की आपलं ते हसू फार तर थोडंसं लबाड होतं. ते हसू कोणाच्या गळ्यात धोंडा होऊन पडेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या तडक जावयाच्या दुकानाकडे निघाल्या. आधी शेजारच्या किल्लीवाल्याच्या दुकानात शिरल्या आणि त्याच्याकडे चष्मा मागितला. त्याने त्यांना हाताला धरून बरोबर दारात आणून सोडलं.

जावयाने खण उघडला आणि नव्या नंबरचा तयार चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"हा कधी केलात?"

"तुम्ही पहिला टेबलावर ठेवलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. गिऱ्हाईक परत येणार, ह्यावर माझा पूर्ण विश्वास होता."

"टोमणे नंतर, जावईबापू. आधी द्या इकडे."

"पैसे तुमच्याकडून घेत नाही, निदान टोमणे तरी मारू द्या, आई."

बाईंनी चष्मा लावला. समोर जावई होता. चेहऱ्यावर थट्टा होती, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळंही होती. घरातली माणसं आपल्यामुळे झोपली नसावीत, हे त्यांना आत्ता दिसलं.

पुढचे दिवस बाई दुपारी शास्त्र उघडून बसायच्या. बंधूंनी सांगितलेली वचनं खोटी नव्हती. शब्द न् शब्द तिथे होता. पण बाईंनी मुलांना आयुष्यभर शिकवलं होतं, की वाक्य कळायचं असेल तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचा. तेच त्या विसरल्या होत्या. आता त्या मागे गेल्या, पुढे गेल्या. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या दुखण्यासाठी, देवाला पुन्हा पुन्हा विनवणी केलेली त्यांना सापडली. काटा निघाला नव्हता. आपल्या तरुण सोबत्याला त्याने पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या एकाला तो आजारी म्हणून वाटेतल्या गावी ठेवून आला होता. फट कोणातच काढली नव्हती.

हे सगळं घेऊन त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. साहेब स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या गुळण्या करत होते. बाईंनी सगळं सांगितलं, पाठ म्हटल्याचंही. साहेबांनी पाटी ओढली.

'मला माहीत होतं,' त्यांनी लिहिलं.

बाईंनी चष्मा नीट केला. "मग त्या पहिल्याच दिवशी तुम्ही काही का नाही लिहिलंत?"

साहेबांनी भुवया उंचावल्या आणि जोरात खरडलं, 'लिहिलं होतं. चूक.'

बाईंनी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. "साहेब, रागावू नका. हे 'चूप' दिसतंय. लोकांना वाटलं, तुम्ही त्यांना गप्प बसायला सांगताय."

पाळकसाहेब पाटीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, पण आवाज न काढता हसायचं म्हणजे मोठं अवघड काम. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सावकाश, सुवाच्य लिहिलं: 'आधी बंधूंना एकट्यांना भेटा. हसं करू नका त्यांचं. प्रार्थना करतो मी. गोळीही घेतो.'

बाई लाकूडवाल्यांच्या घरी गेल्या. बंधू व्हरांड्यात बसले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली. चष्मा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं, आणि ते खरं होतं.

"बाई, पाऊल मागे घेतलंत?"

"घेतलं. तुम्हाला काही विचारायचं आहे." आणि त्यांनी पौलाचं सगळं पुढे ठेवलं. "त्या पोटदुखीवाल्याला त्याने विश्वास कमी आहे असं का नाही सांगितलं?"

"ती वेळ वेगळी होती."

"आणि मागे ठेवलेल्याला?"

"ह्या गोष्टींचा अर्थ आत्म्याने लावावा लागतो, बाई. तुम्ही अक्षरात अडकता आहात."

"लावा. मी बसले आहे."

बंधू गोड हसले. "लोकांना आशा हवी असते."

"हवीच. देव बरं करतो, हे मीही मानते. आजाऱ्याजवळ बसून मागते. पण तुमची आशा पुरी झाली नाही, की बिल तुम्ही त्या आजाऱ्याच्याच नावावर फाडता. टेलरबाईंच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर फाडलंत."

बंधूंनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "पण तुम्ही स्वतः साक्ष आहात ना. सगळ्यांसमोर वाचलंत."

"मी वाचलं नाही. पाठ म्हटलं."

आता हा मुलगा खाली मान घालेल आणि म्हणेल, चुकलं, असं बाईंना वाटलं. त्यांनी अशी कितीतरी मुलं पाहिली होती.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं आहे का?" बंधूंनी हळूच विचारलं.

"पाळकसाहेबांना."

"ते काही बोलू शकत नाहीत. मग राहू द्या ना, बाई. त्या दिवशी किती जणांचा विश्वास वाढला. खरं-खोटं करून तो कशाला मोडायचा?"

बाई खुर्चीवरून उठल्या. इतका वेळ त्यांना वाटत होतं, की ह्याला धडा नीट कळला नाही. आता दिसलं, की कळला तरी ह्याला तो नको आहे. त्यांना राग आला नाही. एकदम थकल्यासारखं वाटलं.

लाकूडवाल्यांना त्यांनी दारातच गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असेल. पण चर्च भरतंय हो. बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात."

"जत्रा भरली तरी टाकाव्या लागतील," बाई म्हणाल्या. "मी रविवारी वाचणार आहे. तुम्ही पहिल्या बाकावर बसा."

रविवारी बाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना दिसेल असा चष्मा लावला. बाक करकरले.

"मागे मी इथे जे म्हटलं, ते वाचन नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला अक्षर दिसत नव्हतं. पाठ होतं ते म्हणून टाकलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मला त्या आवडल्या, म्हणून मी गप्प बसले. माझे डोळे आहेत तसेच आहेत. आज मी खरं वाचणार आहे, आणि जरा लांब वाचणार आहे. ज्याच्याजवळ ग्रंथ आहे त्याने उघडून माझ्याबरोबर बघावं. माझ्यावरही विश्वास टाकू नका. मी काय करू शकते, ते तुम्ही ऐकलंच आहे."

कोणीतरी हसलं, आणि ते हसू बाकाबाकावरून पसरलं. मग पानं उलटल्याचा आवाज आला. बाईंनी काट्याचा उतारा वाचला, पोटदुखीचा वाचला, मागे राहिलेल्या सोबत्याचा वाचला. मधे अर्थ सांगितला नाही. स्वल्पविराम ऐकू येत होते. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "आजारी माणसाला दोष देणारा उपदेश कोणी दिला, तर त्याला हे उतारे दाखवा. आणि ज्यांच्या गोळ्या इथे राहिल्या आहेत, त्यांनी जाताना घेऊन जा."

बंधू उठले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आपण बाईंसाठी प्रार्थना करू या. त्या अशक्त झाल्या आहेत."

"जरूर करा," बाई म्हणाल्या. "पण त्याआधी टेलरबाईंकडे जाऊन माफी मागून या. मग मीही तुमच्यासाठी करते."

बंधू टेलरबाईंकडे गेले नाहीत. उपासनेनंतर पोस्टातल्या गृहस्थांनी सगळ्यांदेखत खुर्चीवर पाय ठेवून पट्टा बांधला आणि मोठा सुस्कारा सोडला. लाकूडवाल्यांनी दोन-तीन दिवस येरझाऱ्या घातल्या. मग पाळकसाहेब पाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. तिथे काय लिहिलं गेलं आणि काय वाचलं गेलं, देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी वडीलजनांनी बंधूंना निरोप दिला.

सगळं काही गोड झालं नाही. काही घरं बंधूंच्या मागे गेली. फर्निचरच्या दुकानावर एक हॉल होता, तिथे त्यांच्या सभा सुरू झाल्या. गायकवृंदातली सगळ्यात चांगली गाणारी मुलगी तिकडेच गेली, त्यामुळे वरच्या पट्टीतलं गीत आलं, की इकडच्या मंडळीला अजून धाप लागते. रस्त्यात बंधू भेटले की बाईंना नमस्कार करतात, बाईही करतात.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी दुपारी बाई जेवायलाही न थांबता टेलरबाईंकडे गेल्या. दार उघडं होतं. टेलरबाई मशीनवर बसून एका झग्याला टीप घालत होत्या. चर्चमध्ये काय झालं ते शेजारणीने त्यांना आधीच सांगितलं होतं, पण बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, कारण हे शेजारणीकडून कळण्यासारखं नव्हतं.

"तुझ्यात फट नव्हती," बाई म्हणाल्या. "त्यांच्यातही नव्हती. लबाडी माझी होती."

टेलरबाईंनी दोरा तोडला. बराच वेळ त्यांनी झगा मांडीवर पसरून नुसताच हाताने सारखा केला.

"मग देवाने ह्यांना बरं का नाही केलं, बाई?"

बाईंनी आयुष्यात वर्गासमोर हे उत्तर फार थोड्या वेळा दिलं होतं.

"मला माहीत नाही गं."

टेलरबाईंनी मान हलवली. "बंधूंना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांत सांगितलं त्यांनी. आणि ते सांगून गेल्यापासून मला इथे बसवत नव्हतं." त्यांनी दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बसा जरा. तुमचं अस्तर अजून लावलं नाही. लावते, तोवर ह्यांना वाचून दाखवायचात, ते काहीतरी वाचा. लांबलं तरी चालेल."